डिकनच्या हातचं लग्न

"जोमोनच्या सासूबाई आपणच का?"

मी मांडवाखाली केळीची पानं पुसत बसले होते. मान वर केली तर दारात जुनी स्कूटर, तिच्यावर पांढऱ्या झग्यातले एक म्हातारे फादर, डोक्याला हेल्मेट. झगा गुडघ्यापर्यंत वर खोचलेला, पायात साध्या चपला. मराठी बोलत होते, पण प्रत्येक शब्द ओल्या लाकडासारखा जड.

"अजून झाले नाही सासू," मी म्हटलं. "रविवारी चार वाजता होईन. तोवर मी मर्लिनची आय."

ते हसले. हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं. "मी फादर कुरियन. रेल्वेच्या पलीकडे आमचं मलयाळी देऊळ आहे ना, तिथला."

"मग बरोबर आहे. आमच्या देवळात तुम्हाला कधी बघितलं नाही." चर्चला आमच्याकडे देऊळच म्हणतात.

तो गुरुवार होता, जानेवारीतला. नऊ वर्षं झाली. त्या दिवशी मी त्यांना बसायला खुर्चीसुद्धा दिली नाही, हे आधीच सांगून टाकते. मला गडबड होती, आणि मला कोणाची गरज नव्हती. आंजेलीन रुमावला गरज पडते असं आमच्या गावात कोणी बघितलेलं नव्हतं. महिला मंडळाची प्रमुख मी, सणाच्या दिवशी वेदीवरची फुलं माझ्या वाडीतली, आणि वसईतल्या आमच्या गावात ज्या घरातला मुलगा फादर होणार होता ते घरही माझंच.

त्या फुशारकीला नुकतंच आणखी एक फूल आलं होतं. माझा मुलगा रेनॉल्ड डिकन झाला होता. डिकन म्हणजे फादर व्हायच्या आधीची पायरी. पूर्ण गुरुदीक्षा ईस्टरनंतर, मे महिन्यात व्हायची होती. पण डिकनलाही बाप्तिस्मा देता येतो, मयताची प्रार्थना करता येते, लग्न लावता येतं. लग्न! आणि घरात लग्नाची मुलगी होती. भाऊ बहिणीचं लग्न वेदीवर उभा राहून लावणार, असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. मी लग्नपत्रिकेवर तसं छापूनच घेतलं: विवाहविधी, रेव्हरंड डिकन रेनॉल्ड रुमाव. अक्षर मोठं घ्या, असं छापखान्यात स्वतः जाऊन सांगितलं. मी चौथी शिकले, पण मोठं अक्षर वाचता येतं.

मे महिन्यापर्यंत थांबायला वेळ नव्हता. माझा नवरा इनास आतल्या खोलीत खिडकीपाशी पलंगावर पडून होता. मूत्रपिंडं दोन्ही गेलेली. डॉक्टर म्हणाले होते, उपवासकाळ बघतील, पुढचं सांगता येत नाही. उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, आमच्यात लग्नं होत नाहीत. मग उरला जानेवारी. मी सगळ्यांना सांगत होते, "इनासची इच्छा आहे. मुलाच्या हाताने मुलीचं लग्न लागलेलं बघायचंय त्याला. मग तो सुखाने डोळे मिटेल." मी हे सांगायचे तेव्हा इनास छताकडे बघत पडलेला असायचा. नाही म्हणायचा नाही.

तर फादर कुरियन. त्यांनी झग्याच्या खिशातून एक पाकीट काढलं आणि दुसऱ्या खिशातून माझीच पत्रिका.

"रविवारी जोमोनच्या आईने मला ही दिली. मी वाचली. मग तुमच्या फादरना फोन लावला, ते रिट्रीटला गेलेत."

"शनिवारी संध्याकाळी येतील."

"म्हणून मीच आलो. अम्मच्ची, हा डिकन तुमचा मुलगा?" अम्मच्ची म्हणजे त्यांच्यात आई, हे जोमोनमुळे माहीत होतं.

"माझा." मी पान खाली ठेवलं.

"त्याला हे लग्न लावता येणार नाही."

मांडव बांधायला आलेले दोघे गडी बांबूवरून खाली बघायला लागले. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही दोऱ्या बांधा. कान नका बांधू इकडे." मग फादरकडे वळले. "का येणार नाही? बिशपने त्याच्या डोक्यावर हात ठेवलाय. तुमच्या डोक्यावर कोणी ठेवला होता, त्याच्यापेक्षा वेगळा होता का तो हात?"

"हात एकच. पण घर वेगळं." फादर आता मांडवाच्या खांबाला टेकले. दमलेले दिसत होते, म्हातारा माणूस, दुपारची वेळ. "तुम्ही लोक लॅटिन. जोमोन आमच्यातला, सिरो मलबार. आपल्या देशात कॅथलिकांची तीन घरं आहेत. तुमचं लॅटिन, आमचं सिरो मलबार, तिसरं सिरो मलंकार. पोप तिघांचे एकच. पण प्रत्येक घराचे आपापले बिशप, आपापली मिस्साची रीत, आपापले कायदे."

"वसईचा बिशप वसईच्या सगळ्या कॅथलिकांचा असतो," मी म्हटलं. "एका गावात दोन बिशप कसे असतील?"

"आहेत. तुमचा वसईला, आमचा कल्याणला. तुमच्या बिशपची हद्द जमिनीवर आखलेली. आमच्या बिशपचीही आखलेली आहे, तुमच्या हद्दीवरूनच जाते. पण त्यात तो आमचीच माणसं बघतो, मग ती कुठेही राहोत. मी एकटा तीन ठिकाणी जातो, एकेका वस्तीत वीस-पंचवीस घरं. म्हणून ही स्कूटर."

"जोमोन अकरा वर्षं आमच्या देवळात येतोय. तिसऱ्या बाकावर बसतो. आमची गाणी गातो. त्याला मी विचारलं होतं, तू कॅथलिक ना? तो म्हणाला, हो आई."

"खोटं नाही बोलला. पण शेजारी अकरा वर्षं जेवलं म्हणून आडनाव बदलत नाही, अम्मच्ची. बाप ज्या घरचा, मूल त्या घरचं. बिशपांची परवानगी आल्याशिवाय ते सुटत नाही."

"बरं, असू दे त्याचं घर. मुलगी आमची आहे, देऊळ आमचं आहे. मग?"

तेव्हा फादर कुरियननी ते सांगितलं. त्यांचा आवाज मुळातच मोठा, देवळातली उपासना, मिस्सा, सांगून सांगून घसा तसा झालेला, पण आता तो अजून चढला, मला कमी ऐकू येतं असं वाटलं असावं.

"आमच्या कायद्यात लग्न पुरोहिताच्या आशीर्वादाने लागतं. डिकनचा आशीर्वाद चालत नाही. एक बाजू आमची असली तरी चालत नाही. आता तर पोपनी तुमच्या कायद्यातही तसं लिहून घातलंय. तुमच्या फादरनी लावलं तर काही अडचण नाही. पण डिकनने लावलं तर हे लग्न लागणारच नाही. समजलं? तुमची मुलगी नांदेल, मुलं होतील, पण देवळाच्या दृष्टीने लग्न लागलेलं नसेल."

"हळू बोला," मी म्हटलं. "माझा नवरा आजारी आहे."

त्यांनी पाकीट पुढे केलं. "यात जोमोनचा बाप्तिस्म्याचा दाखला, आणि माझी चिठ्ठी. केरळहून दाखला यायला उशीर झाला. हे तुमच्या फादरना द्या, नाहीतर मुलाला द्या. तो शिकलेला आहे, वाचून लगेच समजेल."

"देईन."

"नक्की?"

"फादर, मी रुमावांची सून आहे. माझ्या शब्दावर गावातली लग्नं जुळतात."

 फादरनी पाणी मागितलं. मी दिलं, तेवढं दिलं. मग झगा खोचून निघून गेले.

चिठ्ठी इंग्रजीत होती. एक अक्षर कळलं नाही, कळायची गरजही नव्हती. मी पाकीट लुगड्याच्या ओच्यात खोवलं, आत गेले, आणि तांदळाच्या पिंपात खाली, हात कोपरापर्यंत घालून ठेवून दिलं.

मला पाप करायचं नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, हे मलयाळी फादर फार कायदे काढतात. त्यांना राग असणार, त्यांच्या देवळात लग्न नाही म्हणून. आणि खरं सांगू, मला आमच्या फादरना तोंड दाखवायचं नव्हतं. डिसेंबरमध्ये त्यांनी दाखला मागितला होता. मी म्हटलं होतं, "दाखला येईल मागाहून, जोमोन आपल्यातलाच आहे, मी सांगते ना." त्यांनी माझ्या शब्दावर देवळात लग्नाची नावं पुकारली होती. रेनॉल्डनेही फोनवर विचारलं होतं, "आय, जोमोन लॅटिनच ना? केरळात तीन प्रकारचे असतात." मी म्हटलं, "अरे, आपल्याच देवळात असतो. लॅटिनच." मला लॅटिन म्हणजे काय तेही धड माहीत नव्हतं. मला वाटायचं, जो आपल्या देवळात बसतो तो आपला.

रेनॉल्ड बुधवारीच घरी आला होता, चार दिवसांच्या सुट्टीवर; फादर कुरियन आले तेव्हा तो देवळात रविवारची तयारी बघायला गेला होता. आता त्याच्या आणि इनासच्या मधली गोष्ट सांगायला हवी.

आमची पानवेलीची वाडी. इनासने ती उभी केली, एकेक वेल पांगाऱ्याच्या खांबाला केळीच्या सोपटाने बांधत. मुलगा एकच. इनासला वाटायचं, रेनॉल्ड वाडी बघेल. रेनॉल्ड पंधरा वर्षांचा झाला आणि मी त्याला सेमिनरीत घातलं. मुलाची इच्छा होती, नाही असं नाही. पण माझी दुप्पट होती. इनास त्या दिवशी वाडीत गेला आणि जेवायला आला नाही. नंतर मुलगा सुट्टीला आला की बाप "कसा आहेस" म्हणायचा, मुलगा "बरा आहे" म्हणायचा. तेरा वर्षं दोघांचं एवढंच बोलणं. बाकीचं दोघांच्या वतीने मी बोलायचे. बापाला सांगायचे, मुलगा तुझी आठवण काढतो. मुलाला सांगायचे, बापाला तुझा अभिमान आहे. खरं-खोटं कोण बघतंय? घर चालवायला असं बोलावं लागतं.

त्यामुळे मला वाटत होतं, रविवारी इनास पुढच्या बाकापाशी खुर्चीत बसेल, वर रेनॉल्ड उभा असेल, डिकनचा तिरका पट्टा खांद्यावर, आणि सगळं फिटेल. तेरा वर्षं एका तासात फिटतील. एका मलयाळी चिठ्ठीसाठी मी ते सोडणार होते?

शुक्रवारी मी तांदूळ काढायला सुनेसारख्या वागणाऱ्या माझ्या पुतणीला पिंपापाशी जाऊ दिलं नाही. "मी काढते," म्हटलं. ती म्हणाली, "काकी, पिंपात सोनं ठेवलंय का?" सगळ्या बायका हसल्या. मीही हसले. त्या दिवशी मी चार वेळा हात धुतले, आणि चारही वेळा कशाला धुतले ते आठवेना. रात्री अंग टाकलं तरी डोळा लागत नव्हता. साठ वर्षांची होते, पण त्या दोन दिवसांत मला माझ्या आईएवढं वय आलं.

शनिवारी दुपारी जेवणं झाली, बायका पांगल्या. मी स्वयंपाकघरात कोंबड्यांना मसाला लावत होते. आतल्या खोलीतून आवाज येत होता. रेनॉल्ड लग्नाचा विधी म्हणून बघत होता. मर्लिन नवरीच्या जागी उभी, आणि नवऱ्याच्या जागी पलंगावरचा इनास.

"जोमोन, तू या मर्लिनचा पत्नी म्हणून स्वीकार करतोस का?"

"जोमोन मेला काय?" इनासचा आवाज. "मला विचार. मी इनास."

मर्लिन खिदळली. "बाबा, तुम्ही फक्त हो म्हणा."

"हो म्हणण्यात तरबेज आहे मी. तुझ्या आयला चव्वेचाळीस वर्षं तेच म्हणतोय."

आणि रेनॉल्ड हसला. मी मसाल्याचा हात तसाच धरून उभी राहिले. बापासमोर त्याला हसताना मी तेरा वर्षांत ऐकलं नव्हतं.

हसणं थांबलं. मग इनास म्हणाला, सावकाश, जरा मोठ्याने, जसा तो वाडीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारायचा तसा, "रेनॉल्ड, नीट बघून कर हां. उद्या कोणी म्हणायला नको की हे लग्न लागलंच नाही."

माझ्या हातातलं मडकं खाली ठेवायला मला जागा सापडेना.

मी हात धुतले. पिंपात कोपरापर्यंत हात घातला. पाकीट बाहेर आलं, तांदळाच्या पिठाने पांढरं झालेलं. रेनॉल्डला हाक मारली, एकट्याला. तो आला. मी पाकीट दिलं. त्याने उभ्यानेच वाचलं. मग पाटावर बसला.

"आय, हे कधी आलं?"

"गुरुवारी."

"आज शनिवार आहे."

"मला वार कळतात."

तो परत वाचायला लागला. मला वाटलं ओरडेल. तो माझ्यासारखा नाही. "मी विचारलं होतं तुला," एवढंच म्हणाला. "पण तुझ्या तोंडाला विचारलं, कागद नाही बघितला. हे मला शिकवलं होतं, आय. परीक्षेत आलं होतं." "उद्या मी लावलं असतं. मर्लिनला काहीच कळलं नसतं. तिचं लग्न..."

"लागलं नसतं. माहीत आहे मला. ते फादर ओरडूनच सांगून गेले."

"फादर रिट्रीटहून संध्याकाळी येतील. मी जाऊन सांगतो, लग्न तेच लावतील. मी बाजूला उभा राहीन, पुस्तक धरीन." मग त्याने दाराकडे बघितलं. "पण बाबांना कोण सांगणार? त्यांची एवढी इच्छा होती."

"मी सांगते," मी म्हटलं. "माझंच काम आहे ते."

मी आत गेले. मर्लिनला बाहेर पाठवलं. इनास उशीला टेकून बसला होता, खिडकीतून मांडव बघत. मी पलंगाच्या कडेला बसले. 

"इनास, रेनॉल्डला उद्या लग्न लावता येणार नाही."

"हं."

"जोमोन वेगळ्या रीतीचा आहे. त्यांच्यात डिकन चालत नाही. गुरुवारी एक मलयाळी फादर सांगून गेले. मी लपवलं. तुझ्यासाठी लपवलं, तुला बघायचं होतं म्हणून."

"गुरुवारपासून माहीत आहे मला," तो म्हणाला.

"कोणी सांगितलं तुला?" मी म्हटलं.

"खिडकी माझी आहे, आंजेलीन. आणि त्या फादरचा आवाज देवाने दोन माणसांचा एकाला दिलाय. तुमचा बिशप वसईला, आमचा कल्याणला, सगळं ऐकलं मी. तुला पाकीट ओच्यात खोवतानाही बघितलं."

"मग बोलला का नाहीस? तीन दिवस! मी मेले असते उद्या, आणि तू आपला छताकडे बघत बसलास?"

"तू चव्वेचाळीस वर्षं माझ्या तोंडचं बोलतेस," इनास म्हणाला. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. नुसता थकवा होता. "म्हटलं, हे एवढं तुझं तू बोल. नसतीस बोललीस तर आज रात्री मी रेनॉल्डला सांगणार होतो. मुलीचं वाटोळं होऊ दिलं नसतं. पण आज संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं होतं."

बाहेर कोणीतरी मांडवाला झालर बांधत होतं, एक टोक खाली, एक वर. मला ते दिसत होतं आणि उठून ओरडावंसं वाटत नव्हतं.

"तुझी इच्छा राहिली," मी म्हटलं. "मुलाच्या हाताने लग्न लागलेलं..."

"कोणाची इच्छा?"

मी त्याच्या पायावरची चादर नीट करायला लागले.

"मी कधी म्हटलं होतं? आठवून सांग. तू म्हणालीस, गावभर म्हणालीस, पत्रिकेत छापलंस. मी नाही म्हटलं नाही, एवढंच." त्याने दम घेतला. "मला वेदीवरचा रेनॉल्ड बघायचा नव्हता. तो तुझा. मला तो चार दिवस घरात हवा होता, या खोलीत. तुला ते सांगितलं असतं तर तू त्याला सुट्टी मिळवून दिली असतीस का? बापाला मुलगा हवाय म्हणून? लग्न आहे म्हणून दिलीस. म्हटलं, चला, तेवढ्याने आला."

  मी उठले आणि रेनॉल्डला आत पाठवलं. दार ओढून घेतलं. आत काय बोलले ते मला माहीत नाही. मी ऐकायला उभी राहिले नाही, हे त्या आठवड्यात मी केलेलं एकच शहाणपण.

मग फादर कुरियनना फोन केला. "मी मर्लिनची आय," म्हटलं. "चिठ्ठी दिली. उद्या या. खुर्ची ठेवते."

"रविवारी माझ्या तीन मिस्सा असतात, अम्मच्ची."

"चार वाजता लग्न आहे. स्कूटर जोरात चालवा."

रविवारी दुपारी दोन वाजता घरात गडबडीला सीमा नव्हती. बँडवाले आलेले, मर्लिनच्या डोक्यावर फुलांची जाळी घालायची होती, आणि डिकनचा पत्ता नाही. मी शोधत आतल्या खोलीत गेले. रेनॉल्ड बनियनवर होता, गळ्याला टॉवेल, आणि बापाची दाढी करत होता. इनासने गाल फुगवून धरला होता. दोघांपैकी कोणीच काही बोलत नव्हतं, आणि मधलं बोलायला माझी गरज नव्हती. रेनॉल्डने वस्तरा पुसला आणि मला म्हणाला, "आय, थोडं गरम पाणी देतेस?"

मी पाणी दिलं आणि बाहेर आले.

लग्न आमच्या फादरनी लावलं. रेनॉल्ड एक पायरी खाली पुस्तक धरून उभा होता. फादर कुरियन तिसऱ्या बाकावर, जोमोनच्या नेहमीच्या जागी बसले होते, झग्याला चिखलाचे शिंतोडे. इनास शेवटपर्यंत बसू शकला नाही. आशीर्वाद झाला आणि त्याला गाडीत नेलं. उपवासकाळाच्या तिसऱ्या आठवड्यात तो गेला. मे महिन्यात रेनॉल्डची दीक्षा झाली तेव्हा माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती.

पण त्या दिवशी, देवळाच्या दारात, सगळ्यांसमोर, माझी जाऊ पत्रिका हातात धरून आली. तिला असा दिवस चाळीस वर्षांत मिळाला नव्हता. "आंजेलीन, यावर तर रेनॉल्डचं नाव आहे. मोठ्या अक्षरात. मग लग्न फादरनी कसं लावलं?"

बायका थांबल्या. मी तोंड उघडलं आणि सवयीने म्हणणार होते, इनासची इच्छा होती.

"माझी चूक झाली," मी म्हटलं. "पत्रिका मी छापली होती."